‘इन्फिनिट’ म्हणजे नुसतं ‘खूप’ नव्हे!

काटेकोर: ‘इन्फिनिट शक्यता’ हे शब्द जाहिरातींपासून भाषणांपर्यंत सगळीकडे ऐकू येतात. अहो, त्या शक्यता मोजून संपतात! पत्त्यांची ५२ पानं किती क्रमांनी लावता येतील? उत्तर ६८ अंकी आहे. डोकं गरगरतं, पण संख्या ठरलेली आहे. अफाटसाठी इंग्रजीत ‘व्हास्ट’, ‘इमेन्स’ आहेत की. ते वापरा.

उगाच_एक: साफ असहमत. हा शब्द गणितवाल्यांनी विकत घेतलाय का? इंग्रजीत तो चौदाव्या शतकापासून आहे. गणितज्ञ जॉन वॉलिसने अनंतासाठी आडव्या आठाचं चिन्ह वापरलं ते त्यानंतर, १६५५ साली. आपणही ‘अनंत उपकार’ म्हणतो, तेव्हा कुणी वही घेऊन मोजायला बसतं का?

काटेकोर: उपकारांचं सोडा. ‘इन्फिनिट स्टोरेज’ म्हणून विकतात, तेव्हा मी मोजणारच.

उगाच_एक: ती फसवाफसवी झाली, भाषेचा दोष नव्हे.

तिरपागडा: दोघंही ‘एंडलेस’ विसरलात. यंत्रावरच्या पट्ट्याला ‘एंडलेस बेल्ट’ म्हणतात. लांबी फुटपट्टीने मोजता येते, फक्त टोक नाही. गोलाचा पृष्ठभागही तसाच: मुंगी जन्मभर चालली तरी कड लागणार नाही, पण क्षेत्रफळ ठरलेलं. आइनस्टाईनने १९१७ साली विश्वाचं असंच प्रारूप मांडलं, मर्यादित पण बिनकाठाचं. म्हणजे टोक नसणं आणि माप नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शब्दकोश ‘एंडलेस’ आणि ‘इन्फिनिट’ खुशाल समानार्थी म्हणून देतात, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

काटेकोर: वा, हे पटलं. आता ‘मोअर इन्फिनिट’ म्हणणाऱ्यांचंही काहीतरी करा. ज्याला अंतच नाही त्यात कमी-जास्त कसलं?

तिरपागडा: तिथे मात्र गणित तुमच्या विरोधात आहे. १, २, ३ या संख्या अनंत, आणि ० ते १ मधल्या वास्तव संख्याही (दशांशात लिहिता येतील त्या सगळ्या, दशांश न संपणारे असले तरी) अनंत, पण दुसऱ्या जास्त. गणितज्ञ कॅन्टरने १८९१ मध्ये ते फार सुंदर युक्तीने दाखवलं.

उगाच_एक: घ्या! आणि रटाळ बैठकीला ‘इंटरमिनेबल’, म्हणजे न संपणारी, म्हणतात ते? ती तर दोन तासांत संपते. तिथे मोजमाप कंटाळ्याचं असतं. तसंच ‘इन्फिनिट’मध्ये कधी कधी भारावून जाण्याचं असतं.

काटेकोर: भारावून जा हो. विशेषण दुसरं घ्या, एवढंच म्हणतोय.