छिद्रं सताड उघडी नसतात

जीवाणू पानावरच्या छिद्रांतून (पर्णरंध्रांतून) सरळ आत घुसतात आणि झाडाशी खरी लढाई आत गेल्यावरच सुरू होते असं म्हटलं जातं, पण हे अर्धंच खरं आहे, लढाई दारातच सुरू होते. छिद्राच्या दोन्ही बाजूंना राजम्याच्या दाण्यासारख्या दोन पेशी असतात, त्यांच्यावरचा एफएलएस२ नावाचा रिसेप्टर (बाहेरची खूण ओळखणारं प्रोटीन) जीवाणूच्या शेपटीतल्या प्रोटीनचा जेमतेम २२ अमिनो आम्लांचा तुकडा ओळखतो, मग पेशींतलं पोटॅशियम बाहेर, त्यामागोमाग पाणी बाहेर, पेशी ढिल्या पडतात आणि तासा-दोन तासांत छिद्र बंद! हे २००६ मध्ये अरॅबिडॉप्सिसवर, म्हणजे प्रयोगांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या एका छोट्या रोपावर, दाखवलं गेलं.

आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. स्यूडोमोनास सिरिंगी या झाडांना रोग करणाऱ्या जीवाणूचे काही प्रकार कोरोनाटिन नावाचं विष सोडतात, ते झाडाच्याच जास्मोनेट हार्मोनची हुबेहूब नक्कल असतं, त्यामुळे तीनेक तासांत बंद झालेलं छिद्र परत उघडतं. शिवाय जास्मोनेटचा संदेशमार्ग चालू झाला की जीवाणूंविरुद्ध लढणारा सॅलिसिलिक आम्लाचा मार्ग दबतो, म्हणजे एकाच रेणूने कडीही काढली आणि आतला पहाराही ढिला केला.