स्थिर पेशंटला रात्री दोनला उठवून बीपी घ्यायलाच हवं का?

रातपाळी: बारा वर्षं सर्जिकल वॉर्डात आहे. परवाचे एक आजोबा, ऑपरेशनला पाच दिवस झालेले, ताप नाही, ड्रेन (ऑपरेशनच्या जागेतलं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी) निघालेला, जेवण सुरू. तरी चार्टवर 'दर चार तासांनी' आहे म्हणून रात्री दहा, दोन, सहा असा कफ बांधायचाच. दोनला उठवलं की पहाटेपर्यंत त्यांचा डोळा लागायचा नाही. पाचव्या रात्री ते मला ओळखेनात, सलाईन ओढायला लागले. सोडियम, साखर, ऑक्सिजन, लघवी, सगळं तपासलं, काही सापडलं नाही. वयस्कर माणसात डिलिरियमला (अचानक होणाऱ्या भ्रमाला) झोपमोडही हातभार लावते, हे आपण शिकलोय आणि तरीही उठवतोय.

ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा न्यूज स्कोअर (श्वास, नाडी, बीपी अशा मापांना गुण देतो, जास्त गुण म्हणजे जास्त धोका; २०१२चा, २०१७ मध्ये सुधारलेला) सांगतो की स्कोअर शून्य असेल तर किमान १२ तासांनी पाहा, १ ते ४ असेल तर ४ ते ६ तासांनी. मग शून्यवाल्याला झोपू का देत नाही?

आयसीयू_ते_वॉर्ड: अजिबात पटलं नाही. पोटाच्या ऑपरेशनची पहिली रात्र, मॉर्फिन चालू. मुलगा म्हणाला, "सिस्टर, आत्ताच डोळा लागलाय, नका उठवू." मंद घोरणं ऐकू येत होतं. खांदा हलवला तर ओ नाही. श्वास मिनिटाला ७, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ऑक्सिजन, डॉक्टर, नॅलोक्सोन (मॉर्फिनवरचा उतारा), सगळी धावपळ. दारातून बघितलं असतं तर मीही 'शांत झोप' असंच लिहिलं असतं. झोप आणि गुंगी दुरून सारखीच दिसते.

रातपाळी: ताई, तुमचा पेशंट पहिल्या रात्रीचा, ओपिऑइडवर (मॉर्फिनसारख्या वेदनाशामकावर). श्वास ८ किंवा त्याखाली म्हणजे त्या एकाच मापाचे ३ गुण. त्याला उठवायलाच हवं, यात वादच नाही. पण त्याला वाचवलं ते श्वास मोजण्यानं आणि हाक मारण्यानं, बीपीनं नव्हे. आणि श्वासच आपण मोजत नाही! कुठलाही चार्ट उघडा, ओळीनं १८, २०, १८, २०. छातीवर नजर ठेवून पूर्ण एक मिनिट उभं राहायचं, त्यासाठी झोपलेल्याला हातही लावावा लागत नाही. आपण मात्र माणसाला उठवून बीपी घेतो आणि श्वास अंदाजे लिहितो.

एक_मुलगी: मी नर्स नाही. बाबांच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या रात्री सिस्टरनी उठवलं तेव्हा मी चिडले होते. बीपी १२४/८०, पण नाडी संध्याकाळच्या ८४ वरून ११८. त्यांनी चादर बाजूला करून ड्रेनची बाटली पाहिली, ताज्या रक्तानं निम्मी भरलेली. तासाभरात बाबा परत थिएटरमध्ये. नुसत्या बीपीवर विसंबले असते तर? मला तरी उठवलेलंच बरं वाटतं.

आयसीयू_ते_वॉर्ड: हेच म्हणतेय मी. रक्तस्रावात नाडी आधी वाढते, बीपी बराच वेळ तग धरतं. आणि रातपाळी, खरी भीती वेगळी आहे. रात्री एका नर्सकडे तीस पेशंट. एकदा 'झोपलेला, उठवलं नाही' लिहायची मुभा मिळाली की शून्यवाला कोण आणि तीनवाला कोण, हे पहाटे तीनला दमलेल्या डोक्यानं ठरणार. नियम आंधळा आहे, मान्य. पण तो दमत नाही.

रातपाळी: हा मुद्दा मात्र खरा आहे, त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. म्हणून ते रात्री ठरूच नये. संध्याकाळच्या राउंडलाच डॉक्टरनी नावानिशी लिहावं: याला दहा ते सहा उठवू नका, पण तासातासाला श्वास मोजा, बाटली आणि युरिन बॅग बघा. ऑपरेशननंतरचे पहिले दोन दिवस, ओपिऑइडवाले, ऑक्सिजनवाले यातून सरळ वगळा. मुलीच्या बाबांनाही मी उठवलंच असतं. त्या आजोबांना नसतं उठवलं.

आयसीयू_ते_वॉर्ड: लेखी ऑर्डर असेल तर विचार करेन. श्वास घड्याळ लावून मोजणार असाल तरच.