मदत हवी आहे : फलकावरील सणांच्या शुभेच्छा नास्तिकाने कशा लिहाव्यात?

मी नास्तिक आहे आणि आमच्या गावातील शासन-अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयाचा चिटणीस या नात्याने दारातील फळ्यावर सणांच्या शुभेच्छा माझ्याच नावाने लिहिल्या जातात. समोरून कोणी शुभेच्छा दिल्या, तर मी मनापासून ‘तुम्हालाही’ म्हणतो. त्यात मला काहीच खटकत नाही. संक्रांतीचे ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ तर मला फार आवडते, कारण त्यात देवाचे नाव न येताही जिव्हाळा पोहोचतो. अडचण गणेशचतुर्थीची आहे. ‘विघ्नहर्ता आपले रक्षण करो’ हे वाक्य खडूने लिहिताना माझा हात थांबतो.

गेल्या वर्षी मी केवळ ‘गणेशोत्सवाच्या शुभेच्छा’ असे लिहिले, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांना ते कोरडे वाटले. नंतर हे काम सहकाऱ्याकडे सोपवले, तर ईद आणि नाताळ राहूनच गेले, जे मला अधिक गैर वाटते.

शुभेच्छा बंद करणे शक्य नाही आणि तशी माझी इच्छाही नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ मधील सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य मलाही आहे, हे मी जाणतो. पण फळा संस्थेचा आहे. ईश्वराच्या अस्तित्वावर चर्चा नको.

श्रद्धावंतांना आपुलकीचा वाटेल आणि मलाही खोटा वाटणार नाही, असा गणेशचतुर्थीचा नेमका मजकूर कोणी सुचवेल का, आणि त्याखाली माझ्या नावाऐवजी फक्त संस्थेचे नाव लिहिणे योग्य ठरेल का?