ल्युकेमियातून बऱ्या झालेल्या मुलाचं शाळेला सांगावं की नाही?

देवगडकर मामा:
भाचा यंदा सातवीत. चौथ्या वर्षी ए.एल.एल. झाला, म्हणजे लहान मुलांत सर्वांत जास्त आढळणारा ब्लड कॅन्सर. मुंबईला उपचार झाले, आता ठणठणीत आहे. पण फळ्यावरच्या दोन ओळी उतरवून होईपर्यंत बाईंनी फळा पुसलेला असतो. गणिताच्या पेपरात जेवढी सोडवली तेवढी सगळी बरोबर, खालचा अर्धा पेपर कोरा. शेरा काय, तर "आळशी आहे". बहीण-भावजींनी शाळेत आजाराचं अवाक्षर काढलेलं नाही. माझं मत, सांगायलाच हवं. मेंदूभोवती दडलेल्या पेशी माराव्यात म्हणून मणक्यातून मेथोट्रेक्सेट देतात. ते टाळता येत नाही, नाहीतर आजार तिथूनच उलटतो. पण तेच औषध फोलेट या जीवनसत्त्वाचं काम अडवतं, आणि काही मुलांत त्याचा परिणाम काही वर्षांनी दिसतो. बुद्धी शाबूत असते, वेग कमी होतो. लक्ष टिकत नाही, तोंडी हिशेब करताना मधला आकडा निसटतो. उपचारांच्या वेळी वय जितकं कमी, तितका धोका जास्त. मग पोराला आळशी का म्हणायचं?

गुहागरची आई:
मला नाही पटत. माझी मुलगी याच आजारातून उठली. तेव्हा "हा रोग लागतो" म्हणून शेजारची मुलं तिच्याजवळ बसत नव्हती. पुन्हा तेच? उद्या लग्नाचं बघताना पहिली गोष्ट हीच निघणार. मी घरी जास्त अभ्यास घेते, भागतं.

बाबल्या, वेंगुर्ला:
मामानु, सगळ्याच पोरांका असा होणा नाय. दोन वर्षां शाळा बुडाली, पाढे कच्चे रवले, तेवढाच असात. एकदा 'मेंदूवर परिणाम' असा कागदार इला की मास्तर तेका प्रश्नच इचारूचे नाय.

देवगडकर मामा:
सगळ्यांना होत नाही, कबूल. पूर्वी मेंदूला रेडिएशन सर्रास देत, त्याने नुकसान फार व्हायचं. आता बहुतेक मुलांना ते लागतच नाही. पण बाबल्या, बुडालेला अभ्यास शिकवणी लावून भरून निघतो, वेग तसा भरून निघत नाही. दोन्हींतलं नेमकं काय आहे ते तपासणीतच कळतं. मानसतज्ज्ञ लक्ष, स्मरण, वेग असं वेगवेगळं मोजतात. परळच्या टाटामध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळं क्लिनिकच आहे.

शिक्षिका, दापोली:
वर्गातून सांगते. दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला, याचा आम्हाला अभिमान आहे, पण त्याच दडपणाखाली संथ मूल आधी भरडलं जातं. याच उपचारांतल्या व्हिन्क्रिस्टीन या औषधाने बोटांच्या नसांवर परिणाम होतो, अक्षर बिघडतं. पालकांनी सांगितलं नाही तर मी त्याला निष्काळजीच समजणार. बोर्डाकडून जादा वेळ मिळतो, पण त्याला दाखला लागतो. २०१६च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, ल्युकेमियातून बरं झालेलं मूल असा प्रकार नाही. म्हणजे तपासणी हवीच, आणि ती दहावीच्या तोंडावर धावपळ करून नको. गुहागरच्या ताई, सगळ्या शाळेला कशाला? वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक, बस्स.

गुहागरची आई:
बाई, लहान गावात दोघांना सांगितलेलं दोघांतच राहत नाही. आणि मुलगी आता आठवीत आहे. आजार झाला होता एवढं तिला माहीत आहे, औषधाचं मी बोललेले नाही. ऐकून तिने आधीच हात टेकले तर?

देवगडकर मामा:
ताई, आत्ता पेपर अपुरा राहिला की ती कारण काय धरत असेल? स्वतःलाच ढ म्हणत असेल, आमचा म्हणतो. शाळेचं राहू दे बाजूला. पुढच्या फॉलोअपला डॉक्टरांपुढे तिच्या देखत विषय काढा, आणि शाळेला सांगायचं की नाही ते तिलाच ठरवू दे.

गुहागरची आई:
डॉक्टरांना विचारेन. शाळेला अजून नाहीच.