मदत हवी आहे: मुलीचा राग, टेन्शन आणि माझं "शांत हो"

नमस्कार मंडळी, मुलगी १५ ची आहे, परीक्षा जवळ आली की किंवा मैत्रिणीशी काही बिनसलं की धाडकन दार लावून घेते, परवा तर वहीवर पेनाने इतकं खरडलं की खालची तीन पानं फाटली. मी आपली "शांत हो, शांत हो" करत बसते, त्याने अजूनच भडकते (मला कोणी म्हटलं तर मीही भडकेन म्हणा). ४ मोजत श्वास आत, ६ मोजत बाहेर हे करून बघितलं, ते ५-४-३-२-१ वालं पण, म्हणजे दिसणाऱ्या ५ वस्तू, हाताला लागणाऱ्या ४, ३ आवाज, २ वास, १ चव. तोंडावर गार पाण्याचे हबके मारले की मात्र खरंच जरा निवळते. पण डोकं फिरलेलं असताना नेमकं हे काहीच आठवत नाही तिला, आणि मी आठवण केली की "आई लेक्चर नको". ज्यांनी हे वय निभावलंय त्यांनी सांगा ना, ती शांत असताना सराव कसा करून घ्यायचा? डायरी वगैरे टिकते का? झोप-जेवण ठीक आहे अजून, स्वतःला इजा वगैरे काही नाही, तरी काउन्सेलरकडे आत्ताच न्यावं का?