मदत हवी आहे: लेकीला पुढे मेडिकलला जायचंय, रटगर्स की हॉपकिन्स?

झिम्मा
लेकीला रटगर्स (न्यू जर्सीचं सरकारी विद्यापीठ) आणि जॉन्स हॉपकिन्स (नावाजलेलं खासगी), दोन्हीकडे पदवीला प्रवेश मिळालाय. १ मेच्या आत डिपॉझिट भरायचंय. नवरा म्हणतो मोठं नाव सोडू नये. मला काही सुचत नाहीये. अनुभवी लोकांनी पटकन सांगा. "तिलाच विचारा" कृपया नको. विचारलंय, ती रोज वेगळं सांगते.

रिकामटेकडा
न्यू जर्सीतच राहता का? हॉपकिन्सने आर्थिक मदत किती दिलीय? मेजर, म्हणजे मुख्य विषय, कुठला?

झिम्मा
हो, एडिसन. मदत शून्य. मेजर प्री-मेड.

रिकामटेकडा
प्री-मेड हा मेजर नसतो हो, ती पदवी करताना मेडिकलची तयारी. बायो, केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स लॅबसकट केलं की मेजर संगीत घेतलं तरी चालतं.

आंबटगोड
रटगर्स. माझा मुलगा एका नावाजलेल्या कॉलेजात गेला, नाव घेत नाही. शाळेत पहिला, आणि ऑरगॅनिकच्या पहिल्या मिडटर्मला १०० पैकी ४१. त्या रात्री फोन करून वरण-भात कसा लावायचा विचारत होता, तेव्हाच मला कळायला हवं होतं. विषय पुन्हा घेतला, पण एमडीच्या (इथली डॉक्टरीची पदवी) अर्जात जुना ग्रेडही धरतात, पुसला जात नाही.

कोकणकडा
एका मुलावरून काय ठरवता? हॉपकिन्सला रिसर्च दाराशी आहे. एमकॅटला (मेडिकलची प्रवेश परीक्षा) ५२८ पैकी ५२० आणणारी पोरं ढिगाने आहेत, वेगळं काय दाखवणार?

आंबटगोड
रिसर्च रटगर्सलाही होतो. आणि नाव बघून जीपीए (ग्रेडची सरासरी) माफ होत नाही.

सदाशिवपेठी
एवढे डॉलर जाळण्यापेक्षा पुण्यात पाठवा. नीट द्या, एनआरआय कोटा आहे, साडेपाच वर्षांत इंटर्नशिपसकट एमबीबीएस.

कोकणकडा
आणि मग यूएसएमएलई (इथली डॉक्टरांची परवाना परीक्षा) देऊन रेसिडेन्सीसाठी (हॉस्पिटलातलं प्रशिक्षण) दारोदार फिरा. काका, प्रश्न तो नाहीये.

सदाशिवपेठी
सुचवलं. पटत नसेल तर सोडून द्या.

मोगरा
सात वर्षांचा बीएस-एमडी (पदवी आणि मेडिकल एकत्र) का नाही घेतला? आमच्या नणंदेच्या मुलीने घेतला.

झिम्मा
त्याचे अर्ज केव्हाच संपले. दोनच कॉलेजं आहेत, त्यातलं कुठलं ते सांगा ना!

पाटीपेन्सिल
तुम्ही सिटिझन आहात की ग्रीन कार्ड?

झिम्मा
एच-४, नवऱ्याच्या कामाच्या व्हिसावर अवलंबून असलेला. त्याचा इथे काय संबंध? ग्रीन कार्ड चालूच आहे, प्रायॉरिटी डेट (रांगेतली तारीख) २०१६.

पाटीपेन्सिल
ताई, हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. भारतीयांची रांग बघता २०१६ कधी लागेल सांगता येत नाही. २१ पूर्ण झाली की साधारण एच-४ संपतो, मग एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा. वयाचा हिशेब वकिलाकडून नीट करून घ्या, थोडी सवलत मिळू शकते. पण कार्ड आलं नाही तर मेडिकलला ती आंतरराष्ट्रीय विद्यार्थी म्हणून अर्ज करणार. बरीच मेडिकल कॉलेजं, विशेषतः सरकारी, असे अर्ज घेतच नाहीत. काही घेतात ती फी आधीच एस्क्रोत (राखून ठेवलेल्या खात्यात) भरायला लावतात. केंद्राचं शैक्षणिक कर्जही नाही. म्हणजे आत्ता वर्षाला ऐंशी-नव्वद हजार घातलेत तर खरी गरज लागेल तेव्हा हात रिकामे. एएएमसी या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या एमएसएआर या ऑनलाइन माहितीसंचात कोण आंतरराष्ट्रीय विद्यार्थी घेतं ते दिसतं. आज रात्री नवऱ्याला घेऊन बसा.

झिम्मा
अरे देवा. आम्हाला वाटलं पदवीपर्यंत कार्ड हातात असेल. ती नोव्हेंबरात १८ होतेय.

पाटीपेन्सिल
म्हणजे चौथ्या वर्षात, पदवीआधीच एफ-१. इन-स्टेट (राज्यातल्या रहिवाशांच्या) फीचं काय होईल तेही रटगर्सला लेखी विचारा.

कोकणकडा
व्हिसाचं माहीत नव्हतं. मग मीही रटगर्स म्हणेन. तरी हॉपकिन्सला मदतीसाठी एकदा अपील कराच.

झिम्मा
नवऱ्याला धागा दाखवला. तो एमएसएआर उघडून बसलाय, जेवायलाही आला नाही.

मोगरा
आंबटगोड, पण वरण-भाताला कुकरच्या किती शिट्ट्या सांगितल्यात? माझा ऑगस्टमध्ये चाललाय.