पाणथळ शिक्षण केंद्र: काठावरच्या लोकांना नेमका काय फायदा?

रामनदीकाठ
पुण्यातल्या पाषाण तलावापाशी पाणथळ शिक्षण केंद्र व्हावं म्हणून आम्ही चार सोसायट्या प्रस्ताव देतोय. पहिल्याच बैठकीत दोन प्रश्न आले. पोस्टरांच्या खोलीने आम्हाला काय मिळणार? आणि पाणथळ राखली की डास वाढणार, त्याचं काय? मुद्द्याचं सांगा, भाषणं ऐकून झालीत.

गढूळपाणी
नुसती पोस्टरं असतील तर काही मिळणार नाही. केंद्राने पाण्याच्या मोजमापांची वही ठेवली पाहिजे. पारदर्शकतेसाठी सेकी तबकडी: 20 सेंमी व्यास, काळे-पांढरे चार भाग, खाली वजन, दोरीला दर 10 सेंमीवर खूण. पाण्यात सोडताना दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती, यांची सरासरी घ्यायची. जलपर्णीच्या गादीत किंवा तबकडी तळाला टेकते अशा उथळ जागी घेतलेलं माप फुकट.

विरघळलेला ऑक्सिजन मात्र सूर्योदयाच्या सुमारास मोजा. दुपारी शेवाळ ऑक्सिजन सोडत असतं, आकडा झकास येतो आणि मासे मरतात पहाटे. नमुन्याच्या बाटलीत बुडबुडा राहिला तर चाचणी बाद. दोन वर्षांची वही हातात असली की मैलापाण्याची तक्रार नुसत्या 'वास येतो'वर थांबत नाही.

चतुर
डासांचं: डेंग्यूचा एडिस तलावात वाढत नाही, तो कुंडीखालच्या बशीत, टायरात, उघड्या टाकीत सापडेल. मोकळ्या पाण्यात मासे आणि चतुरांची पिल्लं अळ्या फस्त करतात. जलपर्णीच्या मुळांत मात्र अळ्यांना आडोसा मिळतो. ती फुलं येण्याआधी काढा, कारण बी तळच्या गाळात वर्षानुवर्षं टिकतं. ढीग काठावर ठेवलात तर पहिल्या पावसात परत पाण्यात. वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, तेव्हा काठापासून लांब वाळवून मगच उचला, नाहीतर ट्रकभाडं पाण्याचंच. तिचं खत केलंत तर झाडांना घाला, भाजीला नको: मैलापाण्यातली जलपर्णी जड धातू शोषते. आणि मैलापाणी चालूच राहिलं तर पुढच्या वर्षी हाच खर्च पुन्हा. डासांच्या अळ्या खातात म्हणून गप्पी मासे तलावात सोडू नका, ते परदेशी.

शेकाट्या
रोजगाराचं विचारतील तेव्हा भिगवणजवळचं कुंभारगाव सांगा. उजनीच्या फुगवट्यावर तिथले मासेमार होडीतून रोहित पक्षी दाखवतात. पाषाणला होडी नकोच, पण स्थानिक वाटाडे घ्या.

इमारत मात्र काठावर नको. 2017 च्या पाणथळ नियमांत सरासरी पूररेषेपासून 50 मीटरच्या आत पक्कं बांधकाम चालत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी बांधलेले तलाव त्या नियमांतून वगळलेत, त्यामुळे कायदा आडवा येईलच असं नाही. तरी अंतर पाळा. पाणथळ बुजवून पाणथळ केंद्र, हा विनोद पुण्यात नको.

रामनदीकाठ
तबकडी विकत घ्यावी लागेल का?

गढूळपाणी
स्टीलची ताटली चालते. मधोमध भोक, रंग मॅट. चकचकीत रंग उन्हात चमकतो आणि माप चुकतं.